दुपारी बाराला उजाडतं

दुपारी १२. माझा दिवस इथे सुरू होतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर ऊन रणरणतंय आणि मी रजिस्टरचं नवं पान उघडते. किनाऱ्यावर उतरणारी मासळी मोजण्याची ही पद्धत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची. पहिल्या दिवशी १२ ते ६ बंदरावर उभं राहायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते १२, आणि मधली रात्र विचारून भरायची. घरचे म्हणतात, तुझं घड्याळ उलटं चालतं.

२.३०. बोटी लागायला सुरुवात. पंधरापर्यंत आल्या तर प्रत्येकीची नोंद. त्याहून जास्त झाल्या की नमुना काढायचा; २० ते २९ असतील तर एकाआड एक. आज २२ आहेत. मन मात्र सोडलेल्या बोटीकडेच धावतं, कारण घबाड नेमकं तिच्यात असतं. पण हवी ती बोट निवडली की आकडा खोटा झाला.

४. लिलावाचा गलका. टोपल्या उचलल्या जाण्याआधी मूठभर मासळी माझ्या फळीवर यायला हवी. फळीवर मिलिमीटरच्या रेघा आहेत. बांगडे चांगले भरलेत. पापलेटं हातात घेतली आणि वाईट वाटलं. २०२३मध्ये राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर, हाताच्या पंजाएवढीही नाही. यातली निम्मी तिथवरही पोचत नाहीत.

"परत टाकून काय, मॅडम? जाळ्यात आला तेव्हाच मेला तो," बोटीचे तांडेल म्हणाले.

त्यांचं बरोबर आहे. ही लांबी बंदरावर सांगून उपयोग नाही. जाळं घेताना, आसाचं माप ठरवताना सांगायला हवी. आम्ही मात्र ती पोस्टरवर छापून लिलावाच्या जागेवर भिंतीला लावतो.

६. रजिस्टर बंद. खलाशी बर्फ भरताहेत. एकाच्या मोबाइलवर हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा संदेश आहे: अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या खोलीत मासे असण्याची शक्यता. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून हे काढतात. डिझेल वाचतं, हे खरं. पण मासा कुठे आहे हे ज्या झपाट्याने बोटीवर पोचतं, त्या झपाट्याने तो किती लहान आहे हे पोचत नाही.

रात्री झोप. तेवढी एक मेहेरबानी.

सकाळी ६. आता खरी कसोटी. रात्री किती बोटी आल्या, काय उतरलं, हे विचारूनच कळतं. आणि मला खरं का सांगावं? पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या मावशींनी हटकलं होतं, "ताई, आमचे आकडे नेतेस. परत कधी आणलेस का?" उत्तर नव्हतं. तेव्हापासून गेल्या वर्षी याच महिन्यात काय उतरलं होतं, ते साध्या मराठीत एका कागदावर लिहून आणते. चहाच्या टपरीवर तो हातोहात फिरतो. कुणी हसतं, कुणी भांडतं, "पर्ससीनवाल्यांचं यात धरलंस का?" हा प्रश्न हमखास येतो. पण कागद फिरायला लागल्यापासून रात्रीचे आकडे मागावे लागत नाहीत, लोक आपणहून येऊन सांगतात.

आज कालचेच तांडेल आले. जाळ्यात जेलीफिश फार येताहेत, म्हणून दोन खेपा मोकळ्या परतल्या, म्हणाले. त्यासाठी माझ्याकडे रकाना नाही. जाती, वजन, जाळ्याचा प्रकार, तास यांना आहेत. उरतो तो कडेचा बोटभर रुंद 'शेरा'.

बाराला दहा मिनिटं कमी असताना त्यात बारीक अक्षरात दोन ओळी बसवल्या, आणि तांडेलांना वाचून दाखवल्या.