शाकाहारी आहारातील साखरेचे क्रमशः न्यूनीकरण : महाराष्ट्रीय कुटुंबाच्या संदर्भात

प्रस्तावना

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी व्यक्तींना मधुमेह असून त्याहूनही अधिक व्यक्ती त्याच्या उंबरठ्यावर आहेत. केवळ साखर खाल्ल्याने मधुमेह होतो असे म्हणता येत नाही. तथापि अतिरिक्त साखरेमुळे वाढणारे वजन त्यास पोषक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मुक्त शर्करा एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी, व शक्य तर ५ टक्क्यांहून कमी ठेवण्याची शिफारस केली. २००० किलोकॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे साधारणतः २५ ग्रॅम, अर्थात सहा सपाट लहान चमचे. अख्ख्या फळांतील व दुधातील नैसर्गिक शर्करा यात मोजली जात नाही. मध व फळांचा रस मात्र मोजला जातो.

साखर कोठून येते?

साखर कमी करावयाची म्हटले की प्रथम श्रीखंड व बासुंदी आठवते. वस्तुतः ही पक्वान्ने सणावारी होतात. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेणाऱ्याच्या पोटात रोज सुमारे ३२ ग्रॅम साखर जाते. त्यासोबतची बिस्किटे निराळीच. शिवाय घरात चहाचे आधण एकच ठेवले जाते, त्यामुळे साखरेचे प्रमाण ठरविणारा हातही एकच असतो. पाहुण्यास फिका चहा देणे आपल्याकडे कद्रूपणाचे मानले जाते. म्हणूनच हा प्रश्न व्यक्तीच्या निग्रहापेक्षा कुटुंबाच्या रीतीचा आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. आधणात साखर न घालता ती वेगळी देणे हा त्यावरील साधा उपाय होय.

क्रमशः न्यूनीकरण

एकदम बिनसाखरेचा चहा सुरू करणारे बहुधा काही दिवसांतच पूर्वपदावर येतात. दर पंधरवड्यास प्रत्येक कपामागे पाव चमचा कमी केल्यास दोन चमच्यांवरून अर्ध्या चमच्यावर येण्यास बारा आठवडे लागतात. या काळात रुची बदलते व पूर्वीचा चहा अतिगोड वाटू लागतो. साखरेऐवजी गूळ घातल्याने मात्र फारसे साधत नाही, कारण गुळाचाही मोठा भाग शर्कराच असतो. आमटीतील गुळाच्या खड्याची चिंता करण्याचे कारण नाही. वजन नियंत्रणासाठी कृत्रिम गोडी वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सुचविले आहे.

शाकाहारी ताटात पोळी, भात, बटाटा व उपवासाचा साबुदाणा यांमुळे पिष्टमय पदार्थ आधीच अधिक असतात. तेव्हा चहासोबतच्या बिस्किटाच्या जागी भाजलेले चणे, शेंगदाणे किंवा मोडाची उसळ आल्यास प्रथिनेही वाढतात. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आहारातील बदल वैद्यकीय सल्ल्यानेच करावा. अन्यथा रक्तशर्करा अकस्मात खालावण्याचा धोका संभवतो.