कठीण लाकडाच्या ओंडक्यांसाठी मोठा चेनसॉ: इंजिनाची शक्ती व बारची लांबी

शेतवनीकरण करणाऱ्या अनेक शेतकऱ्यांकडे आता लहान चेनसॉ आहे. फांद्या छाटणे, वाळलेले निलगिरीचे खोड तोडणे, सरपण करणे एवढ्यासाठी तो पुरतो. परंतु वादळात पडलेली चिंच किंवा बांधावरची जुनी बाभूळ कापण्याची वेळ आली, की तेच यंत्र धूर ओकू लागते आणि साखळी लाकडात अडकते. अशा वेळी बहुतेकांचा पहिला विचार ‘लांब बार बसवावा’ असा असतो. तो बहुधा चुकीचा ठरतो. आधी शक्ती आणि मग लांबी, या क्रमानेच निवड करावयास हवी.

प्रथम ‘कठीण लाकूड’ या शब्दाविषयी. वनस्पतिशास्त्रात रुंद पानांच्या सर्व वृक्षांचे लाकूड या वर्गात मोडते. त्यामुळे काटेसावरीचे हलके, मऊ लाकूडही शास्त्रीयदृष्ट्या त्यातच येते! कापणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती लाकडाची घनता. वाळलेल्या सागाची घनता घनमीटरला साधारण ६५० किलो असते, बाभळीची सुमारे ८००, तर सावरीची ४०० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. ओली बाभूळ तुलनेने सहज कापली जाते; तीच वर्षभर वाळली की दुप्पट कष्ट देते. साग फार जड नसला, तरी त्यातील सिलिकामुळे दातांची धार लवकर जाते. म्हणून ओंडके कापावयाचे असतील तर ते शक्यतो ओले असतानाच कापून घ्यावेत.

आता इंजिनावर भार कशाचा पडतो ते पाहू. मोठ्या चेनसॉवर सामान्यतः ३/८ इंच पिचची साखळी असते. तिच्या नेहमीच्या रचनेत कापणारे दात सुमारे दीड-दीड इंचावर येतात. म्हणजे १२ इंच रुंदीच्या कापात एका वेळी ८ दात लाकूड कापतात, तर २० इंच रुंदीच्या कापात १३. इंजिन तेच आणि ओढावयाचे दात दीडपटीहून अधिक. त्यामुळे फेरे मंदावतात, क्लच घसरतो व तापतो. लांब बारवर बारीक लाकूड कापताना हा भार वाढत नाही, वाढते ते घर्षण आणि वजन. पण लांब बार घेतला की माणूस तो लाकडात पूर्ण बुडवतोच, हा अनुभव आहे.

ढोबळ प्रमाण असे धरता येईल. सुमारे ५० सीसी व अडीच किलोवॅटच्या यंत्राला १६ ते १८ इंच. ६० सीसी, तीन ते साडेतीन किलोवॅटला १८ ते २० इंच. ७० सीसी, चार किलोवॅटच्या आसपास २० ते २४ इंच. आणि ९० सीसी, पाच किलोवॅटला २५ ते ३० इंच. बाभूळ, शिसम, चिंच यांसाठी प्रत्येक गटातील लहान आकडाच घ्यावा. खरेदीच्या वेळी सीसीपेक्षा किलोवॅटकडे लक्ष द्यावे. सीसीचा आकडा मोठा छापून त्यावर २२ इंचाचा बार चढवलेली स्वस्त यंत्रे बाजारात पुष्कळ दिसतात. माहितीपत्रकात शक्तीचा आकडाच नसेल, तर ते यंत्र न घेतलेले बरे.

बारची लांबी ठरविण्यासाठी ओंडक्याचा घेर टेपने मोजून त्यास ३.१४ ने भागावे. १२५ सेंटिमीटर घेर म्हणजे ४० सेंटिमीटर, सुमारे १६ इंच व्यास. एका बाजूने कापावयाचे तर त्यात दोन इंच मिळवून १८ इंचाचा बार पुरतो. येथे लांबी म्हणजे यंत्राच्या पुढील भागापासून टोकापर्यंतची उघडी लांबी. पुढचे दाते लाकडात रुतवून कापताना त्यातलाही थोडा भाग वाया जातो. दोन्ही बाजूंनी कापल्यास २० इंचाच्या बारने ३५ इंचांपर्यंतचा ओंडकाही कापता येतो. वर्षातून एखादाच असा ओंडका येत असेल, तर त्यासाठी ९० सीसीचे यंत्र घेण्यात अर्थ नाही. अवजारे बँकेने ते ठेवणे वेगळे. वजनही विचारात घ्यावे: बार-साखळीशिवाय ५० सीसीचे यंत्र पाच किलोच्या आसपास असते, ७० सीसीचे सहा ते साडेसहा, आणि ९० सीसीचे सातच्या वर.

लांब बारचा खरा धोका त्याच्या टोकाशी असतो. टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला किंवा शेजारच्या दुसऱ्या ओंडक्याला लागला, की यंत्र क्षणार्धात उसळून कापणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येते. बार ओंडक्याच्या पलीकडे जितका अधिक निघेल, तितके हे टोक नजरेआड जाते. जमिनीतील दगडावर आपटून साखळी बोथट होते ती वेगळीच. साखळी-ब्रेक कामाच्या आरंभी रोज तपासावा. शिरस्त्राण, जाळीचा मुखवटा, कर्णरक्षक आणि साखळीरोधक पायघोळ यांची किंमत यंत्राच्या किमतीतच धरावी.

आहे त्याच यंत्रावर दुसरा बार बसविताना पिच, गेज आणि आतील चालक कड्यांची संख्या या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. शिवाय बारच्या मागच्या टोकाची खाच त्या यंत्राचीच हवी. तेलाचा पंप टोकापर्यंत तेल पोहोचवतो का, हेही पाहावे: यंत्र वेगात चालवून बारचे टोक कोरड्या लाकडाच्या पांढऱ्या सालकाढ भागासमोर थोड्या अंतरावर धरल्यास त्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

यंत्र बदलण्यापूर्वी मात्र एकदा धार तपासून घ्यावी. ३/८ इंच साखळीला साधारणतः ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची गोल कानस लागते, कोन ३० अंशांच्या जवळपास. धारदार साखळीतून लाकडाचे जाड तुकडे पडतात. पिठासारखा भुसा पडू लागला, की कानस घ्यावी. कठीण लाकडात हे दिवसातून अनेकदा करावे लागते, म्हणून धार लावलेली दुसरी साखळी सोबत ठेवावी.