संथ गाड्यांनी गाठलेले उत्सव

कर्जाच्या भाराखाली वाकलेल्या जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने 1982 च्या वसंतात एक सवलतीचे तिकीट काढले, तेव्हा विद्यालयांच्या सुट्टीत अर्ध्या रिकाम्या धावणाऱ्या गाड्यांतून काही उत्पन्न पदरात पडावे, यापलीकडे फारसा उदात्त हेतू त्या कारभाऱ्यांच्या मनात असेल असे वाटत नाही. पुढल्याच वर्षी त्याचे ‘सेइशुन ज्यूहाची किप्पु’, म्हणजे अठराव्या वर्षाच्या तारुण्याचे तिकीट, असे नामकरण झाले. वयाची अट मात्र त्यात कधीच नव्हती, आणि पेन्शनीत निघालेल्या गृहस्थालाही ते विनातक्रार मिळे. 1987 मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे तुकडे होऊन निरनिराळ्या कंपन्या झाल्या, तरी हा दस्तूर त्या सर्वांनी सामाईकपणे चालू ठेवला.

तिकिटाचा खरा जीव त्याच्या शर्तींत होता. दिवस पाच, तेही सलग नव्हेत. मुदतीत वाटेल तेव्हा वापरावेत, अथवा पाच स्नेह्यांनी एकाच दिवशी वाटून घ्यावेत. बसावे मात्र केवळ साध्या व जलद गाड्यांत, एक्सप्रेस वा शिंकान्सेनचे नाव काढू नये. पुढे हे पाचही दिवस एकाच कागदावर आले, आणि पहाटे फाटकाजवळच्या खिडकीत तो पुढे केला की कर्मचारी एका खान्यात तारखेचा शिक्का उमटवून तो अदबीने परत करी. उन्हाळ्याची मुदत 20 जुलै ते 10 सप्टेंबर अशी असल्यामुळे, काटकसरीने वागणाऱ्यास त्याच कागदावर जुलैअखेरीस ओसाकाचा तेन्जिन उत्सव, ऑगस्टच्या प्रारंभी ईशान्येकडील तोहोकूचे उत्सव, मध्यावर तोकुशिमाचे आवा नृत्य आणि 1 सप्टेंबरपासून तीन रात्री चालणारे यात्सुओचे मंद, विषण्ण नृत्य, यांतून निवड करण्याची मुभा होती.

त्यांतही तोहोकूची वाट मला सर्वांत प्रिय. उएनोहून पहाटे निघावे. कुरोइसोच्या पुढे विद्युत्प्रवाहाचा प्रकारच बदलत असल्याने गाडी बदलणे भाग, आणि तेथे एरवी शिष्टाचाराचे पुतळे असणारे प्रवासी जागेसाठी चक्क धावत. फुकुशिमानंतर इतायाच्या घाटात दिवसाकाठी मोजक्याच साध्या गाड्या, तेव्हा एक चुकली की सारा बेत कोसळलाच. मग यामागाता, शिन्जो, आणि अखेर आकिता. येथे 3 ते 6 ऑगस्टला कान्तो उत्सव असतो. शेहेचाळीस कागदी कंदील टांगलेला, बारा मीटर उंच आणि पन्नास किलो वजनाचा बांबू एकच पुरुष तळहातावर, मग कपाळावर, खांद्यावर, शेवटी कमरेवर पेलतो. वाऱ्याने बांबू कमानीसारखा वाकला की पेलणाऱ्याची मान ताठते, पायाचे बोट न बोट जमिनीत रुतू पाहते, आणि कंदिलांत खरोखरीच्या मेणबत्त्या असल्याने तोल गेल्यास काही कंदील विझून जातात. कणसांनी लवलेल्या भाताचे हे रूप, उत्तम पिकासाठी केलेले आर्जव, दिवसभर त्याच भातखाचरांतून आलेल्यास निराळे स्पष्टीकरण मागू देत नाही. आओमोरीचा नेबुता अधिक भव्य असेल. प्रकाशमान कागदी योद्ध्यांची ती मिरवणूक मलाही भावली, पण आकिताची सर नाही.

या तिकिटाच्या वाटांना कात्री लावली ती मात्र वेगाने. शिंकान्सेन 2002 मध्ये हाचिनोहेपर्यंत आणि 2010 मध्ये शिन-आओमोरीपर्यंत पोचली, तसतशी तिच्या समांतर जाणारी जुनी लोहमार्गाची पट्टी स्थानिक कंपन्यांकडे वर्ग झाली, आणि मोरिओकाहून उत्तरेस थेट जाण्यास हे तिकीट निरुपयोगी ठरले. आओमोरी गाठायचे तर आकिताकडूनच. टोकियोहून पश्चिमेस ओगाकीपर्यंत रात्रभर धावणारी ‘मूनलाइट नागारा’, जिच्यामुळे एका रात्रीच्या निवासाचे भाडे वाचे, 2020 च्या वसंतात शेवटची धावली. त्या उन्हाळ्यात तिकीट विक्रीस होते, पण साथीमुळे तोहोकूचे हे मोठे उत्सवच रद्द झालेले!

उत्सव 2022 मध्ये परतले. तिकिटाच्या शर्ती मात्र 2024 च्या हिवाळ्यापासून पालटल्या: दिवस सलग तीन वा पाच, आणि माणूस एकच. पाच दिवसांचा दर 12,050 येन हाच राहिला, शिवाय स्वयंचलित फाटकातून जाता येऊ लागले. जमाखर्च पाहणाऱ्या अधिकाऱ्यास हे सुधारणेसारखे वाटावे यात नवल नाही. तोहोकूच्या यात्रेकरूचे तर फारसे बिघडलेही नाही, कारण आओमोरी, आकिता, यामागाता व सेंदाई येथील उत्सव 2 ते 8 ऑगस्टच्या आत एकमेकांना खेटून येतात. तेन्जिन आणि यात्सुओ यांना एका कागदात बांधणाऱ्याला मात्र आता दोन तिकिटे घ्यावी लागतात, आणि पाच मित्रांना पाच.