सहा जणांच्या हाती एक यान

कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये २०१९ साली ‘मिलेनियम फाल्कन: स्मगलर्स रन’ ही ‘स्टार वॉर्स’वरची राइड सुरू झाली. फाल्कन या अवकाशयानाच्या कॉकपिटमध्ये सहा जण बसतात: दोन वैमानिक, दोन तोफा डागणारे, दोन इंजिनिअर. खरी गंमत वैमानिकांची. एकाच्या हाती डावं-उजवं, दुसऱ्याच्या हाती वर-खाली. दोघांचं जमलं नाही की यान आपटलंच! समोरचं दृश्य आधी चित्रित केलेलं नसतं, संगणक ते त्यांच्या हालचालींबरहुकूम त्या-त्या क्षणी रंगवतो. इंजिनिअर बिचारे लुकलुकणारी बटणं दाबत दुरुस्ती करतात आणि त्या नादात निम्मा पडदा बघायचा राहतो. कितीही धडका दिल्या तरी सगळे सुखरूप परततात. मोहिमेवर धाडणारा लुटारू होंडो मात्र शेवटी नुकसानीचा हिशेब मांडतो.