देव एक, मूर्ती शून्य!

कळव्याचा खाडीपूल ओलांडला की आलंच ठाणं. टेंभी नाक्यावर नवरात्रात देवीच्या दर्शनाला रांगा लागतात. त्याच परिसरात १८७९ पासून एक प्रार्थनास्थळ उभं आहे, जिथे पूजेला ना मूर्ती, ना तसबीर. हे ज्यूंचं सिनेगॉग, ‘शार हाशामायिम’ म्हणजे ‘स्वर्गाचं द्वार’. इथे जमणाऱ्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू मंडळींची मायबोली मराठी आणि देव एकच: आकाश आणि पृथ्वी घडवणारा. या बिनमूर्तीच्या भक्तीच्या काही चटपटीत गोष्टी.

गाभाऱ्यात ग्रंथ
भारतातल्या सिनेगॉगमध्ये पवित्र कपाट असतं पश्चिमेला, कारण जेरुसलेम तिकडे. आत तोरा या पवित्र ग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्या. एकेका गुंडाळीत ३,०४,८०५ अक्षरं. एक अक्षर चुकलं, तरी दुरुस्त होईपर्यंत ती वाचनातून बाद!

रोमन सेनापती चकित
इ.स.पूर्व ६३ मध्ये पोंपेने जेरुसलेम जिंकलं आणि थेट मंदिराच्या गाभाऱ्यात घुसला. बघतो तर देवाची मूर्तीच नाही! रोमन इतिहासकार टॅसिटसनेही या रिकाम्या गाभाऱ्याची नोंद केली आहे.

मोशेचा सापही सुटला नाही
बायबल म्हणतं, संदेष्टा मोशेने वाळवंटात पितळी साप घडवला होता, तोही देवाच्याच सांगण्यावरून. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले. हिज्किया राजाने सरळ त्याचे तुकडे केले. खुद्द मोशेच्या हातचा म्हणून काही सवलत नाही.

बायबलमध्ये नसलेली गोष्ट
ज्यूंचा मूळपुरुष अब्राहम याने लहानपणी वडिलांच्या दुकानातल्या मूर्ती फोडल्या, ही कथा प्रसिद्ध आहे. पण ती बायबलमध्ये शोधू नका. ज्यू परंपरेतल्या मिद्राश ग्रंथांत ती सापडेल. अब्राहमाचं चरित्र १८८० नंतर बेने इस्रायलींनी चक्क मराठी कीर्तनात आणलं. कथा बायबलची, बाज हरिदासांचा.

शनवार तेली
जहाज फुटून पूर्वज अलिबागजवळच्या नवगावला लागले, असं ही मंडळी सांगतात. पुढे कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून शनिवारी घाणा बंद. गावाने नाव ठेवलं, शनवार तेली!

एका वाक्याची शिदोरी
कोकणातल्या या काळात ही मंडळी हिब्रू विसरली, ग्रंथ उरले नाहीत. परंपरा सांगते की एक प्रार्थना मात्र तोंडपाठ राहिली, ‘शमा’. देव एकच आहे, हे तिचं सार. बारसं असो, लग्न असो वा अखेरचा निरोप, ‘शमा’ हवीच.

नवस आणि मलिदा
अनेक घरांत एलियाहू हन्नबीची, म्हणजे संदेष्टा एलियाची तसबीर दिसते. त्याचं नाव घेऊन नवस बोलतात आणि फेडताना गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची आणि फळांचा मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्याच्या रथाची खूण म्हणून एक खडकही दाखवतात. पण एलियाहू हा देवाचा माणूस, देव नव्हे. मलिद्यावरची स्तुती एका देवाचीच.

मशीद बंदरची गंमत
मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. बेने इस्रायली आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणत. मध्य रेल्वेच्या ‘मशीद’ स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात.

ठाण्याचे जॉन चाचा
‘बूट पॉलिश’ (१९५४) मधले जॉन चाचा आठवतात? ते डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, जन्माने ठाणेकर बेने इस्रायली. आडनावात चेऊल गाव, नावात अब्राहम!

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. बरीच कुटुंबं इस्रायलला गेली, तरी ठाण्यातली प्रार्थना सुरू आहे. बघायला जायचं असेल तर आधी परवानगी घ्या, आत डोकं झाका आणि शनिवारी मोबाइल खिशातच राहू द्या.