नक्षलवादी गटांतील यादवी

नक्षलवादी गटांतील यादवी : भारतातील सशस्त्र साम्यवादी गटांमध्ये धोरण, नेतृत्व व प्रभावक्षेत्र यांवरून झालेला आपसांतील संघर्ष. राज्यसंस्थेविरुद्धच्या लढ्यास हे गट ‘जनयुद्ध’ म्हणत. परंतु त्यांची शस्त्रे अनेकदा एकमेकांवरही चालली.

भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी-लेनिनवादी) हा पक्ष १९६९ मध्ये स्थापन झाला. चारू मजुमदार यांच्या मृत्यूनंतर (१९७२) त्याची अनेक शकले झाली. त्यांपैकी ‘पीपल्स वॉर’ हा गट कोंडापल्ली सीतारामय्या यांनी १९८० मध्ये आंध्र प्रदेशात उभारला. बिहारमध्ये ‘पार्टी युनिटी’ हा गट, तसेच मूळ पक्षात कधीच सामील न झालेले ‘माओवादी कम्युनिस्ट केंद्र’ कार्यरत होते.

बिहारमधील या दोन संघटनांत प्रदीर्घ रक्तपात झाला. ध्येय समान असतानाही तो घडला, याचे कारण त्यांच्या कार्यपद्धतीत आढळते. गावातील जमिनीचे तंटे सोडविणे, मजुरी ठरविणे व वर्गणी गोळा करणे हे अधिकार एकाच गावात दोन संघटनांना वापरता येत नाहीत. त्यामुळे प्रतिस्पर्धी गटाचा समर्थक शेतमजूरही शत्रू ठरे. १९९८ मध्ये पार्टी युनिटी गट पीपल्स वॉरमध्ये विलीन झाल्यावर हे वैर नव्या संघटनेकडे आले. पुढे समेट होऊन २१ सप्टेंबर २००४ रोजी पीपल्स वॉर व माओवादी केंद्र यांचा भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) हा एकच पक्ष बनला.

महाराष्ट्रात पीपल्स वॉरची पथके १९८० मध्ये गोदावरी व प्राणहिता ओलांडून तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यात आली. या जिल्ह्यातून १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. सागवानासाठी प्रसिद्ध असलेल्या आलापल्लीच्या परिसरात तेंदूपाने व बांबू यांच्या मजुरीच्या प्रश्नांवर संघटनेने आपला जम बसविला. येथे तुल्यबळ सशस्त्र प्रतिस्पर्धी नसल्याने बिहारसारखी गटयुद्धे झाली नाहीत. मात्र पोलिसांचे खबरे असल्याच्या संशयावरून अनेक आदिवासींना ठार मारण्यात आले.

पक्षनेतृत्वातील फूट पुढे शस्त्रांच्याच प्रश्नावर पडली. सरचिटणीस बसवराजू २१ मे २०२५ रोजी छत्तीसगढमध्ये सुरक्षादलांशी झालेल्या चकमकीत मारले गेले. त्यानंतर मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी सशस्त्र लढा थांबविण्याची भूमिका मांडली. ती अन्य नेत्यांनी फेटाळली व त्यांना गद्दार ठरविले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती यांनी ६० सहकाऱ्यांसह गडचिरोली येथे शरणागती पत्करली.

मतभेदांचा निर्णय शस्त्राने करणाऱ्या संघटनेत बंदूक बाह्य शत्रूपुरती मर्यादित राहत नाही, असे या इतिहासावरून दिसते. तिची सर्वाधिक झळ मात्र कोणत्याही गटात नसलेल्या ग्रामस्थांना बसली.