रक्त खोटं, शहारा खरा

'ब्रेकिंग बॅड' या मालिकेच्या चौथ्या पर्वाचा शेवटचा भाग ९ ऑक्टोबर २०११ रोजी अमेरिकेत दाखवला गेला. वृद्धाश्रमातल्या एका खोलीत स्फोट होतो, दार उडतं आणि धुरातून गस फ्रिंग हा खलनायक बाहेर येतो. अंगात सूट, चाल नेहमीसारखी. कॅमेरा हळूहळू त्याच्या दुसऱ्या बाजूला वळतो आणि मग दिसतं की चेहऱ्याचा अर्धा भाग उरलेलाच नाही. ना डोळा, ना गाल, नुसतं मांस आणि हाड. अशा अवस्थेत हा गृहस्थ काय करतो? टाय सारखा करतो. मग कोसळतो. (गोष्ट फोडली म्हणून रागावू नका, इतक्या वर्षांत बघायची ती बघून झाली असेल.)

हे पाहताना तोंडातून जो आवाज निघतो तो मोठा चमत्कारिक असतो. किळस येते, हसू फुटतं, आणि त्याच क्षणी 'काय केलंय राव!' अशी दादही जाते. एकाच माणसाच्या एकाच शरीरानं तीन वेगवेगळी उत्तरं एकदम कशी द्यावीत?

बरं, फसवणूक म्हणावी तर तीही नाही. झोंबींच्या 'द वॉकिंग डेड'ची रंगभूषा करणाऱ्या ग्रेग निकोटेरोच्या चमूनं तो चेहरा घडवायला मदत केली आणि संगणकानं तो चालत्या नटावर बसवला, हे आपण वाचलेलं असतं. नट पुढे मुलाखती देताना धडधाकट दिसतो. तरी दृश्य पुन्हा लावलं की पोटात पुन्हा ढवळतं. माहितीचा शरीरावर काडीचा परिणाम होत नाही.

पडद्यावरच्या रक्ताची जातकुळी पाहिली तर आश्चर्य आणखी वाढतं. हिचकॉकच्या 'सायको'त (१९६०) न्हाणीघरात वाहणारं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे रंगाची फिकीर नव्हती, दाटपणा तेवढा हवा होता. सुरी अंगात घुसण्याचा तो ओला, बोथट आवाज खरबुजाच्या जातीतल्या एका फळात सुरी खुपसून काढलेला. रंगीत चित्रपटांसाठी डिक स्मिथ या रंगभूषाकारानं मक्याचा पाक आणि खायचे रंग मिसळून जे रक्त बनवलं, त्याचीच रूपं पुढे हॉलिवूडभर वाहिली. मिठाईवाल्याच्या गोदामात शोभेल असा हा माल, आणि त्यावर आपण घाबरतो.

लाल रंगाचा धसका सेन्सॉरलाही असतो. 'टॅक्सी ड्रायव्हर'च्या (१९७६) शेवटच्या गोळीबारातला लाल रंग फिका केला, तेव्हा कुठे त्याला हवं ते प्रमाणपत्र मिळालं. आपल्याकडे तेंडुलकरांच्या 'गिधाडे'मध्ये साडीवरच्या लाल डागाला हरकत घेतली गेली. वाद लाल की निळा इथवर पोचला आणि प्रयोगाआधी त्याबद्दल प्रेक्षकांसमोर चक्क घोषणा झाली. नाटकातली माणसं एकमेकांचे लचके तोडत होती ते राहिलं बाजूला, डागाचा रंग मात्र अडला.

आता डोक्यात काय होतं ते पाहू. २००४ साली टानिया सिंगर या मेंदूसंशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ स्त्रियांच्या मेंदूचं चित्रण सुरू असताना कधी त्यांच्या हाताला विजेचा झटका द्यायचा, तर कधी शेजारी बसलेल्या जोडीदाराच्या. झटका कुणाला बसणार ते खुणेवरून आधी कळायचं. स्वतःला झटका बसताना मेंदूचे दोन तऱ्हेचे भाग जागे होत. काही भाग 'कुठे दुखतंय, किती दुखतंय' याची नोंद करणारे, तर काही 'हे नकोसं आहे' असं वाटायला लावणारे. जोडीदाराला झटका बसायचा तेव्हा पहिल्या तऱ्हेचे भाग गप्प राहिले. दुसऱ्या तऱ्हेचे मात्र तसेच पेटले. म्हणजे दुसऱ्याची वेदना आपल्यापर्यंत येते ती कळ वगळून, नुसता नकोसेपणा घेऊन. पडद्यावरचं पात्र तर आपलं कुणीच नसतं, तरी या वाटेनं त्यालाही थोडीफार ये-जा करता येत असावी, असं मानायला जागा आहे.

रक्त पाहून काही जणांना तर घेरीच येते. एरवी भीती वाटली की रक्तदाब चढतो. इथे नाडी आधी वेग घेते आणि मग एकदम मंदावते, रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पैलवानालाही हे होतं. त्यात भित्रेपणाचा काही संबंध नाही.

मग तरी आपण हे सगळं का पाहतो? पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञानं मिरचीपासून सुरुवात केली. जीभ भाजते, डोळ्यांत पाणी येतं, शरीर 'थांब' म्हणतं आणि आपण ठेच्याला पुन्हा बोट लावतो, कारण धोका खरा नाही हे मनाला ठाऊक असतं. शरीर फसलं आणि आपण फसलो नाही, यातच गंमत. डॉल्फ झिलमन या संशोधकानं आणखी एक दुवा दिला. भीतीनं वाढलेली धडधड प्रसंग संपल्यावर लगेच ओसरत नाही, आणि मागून येणाऱ्या भावनेला तिचं बळ मिळतं. म्हणून भीषण प्रसंगानंतरची सुटका हवी त्याहून जास्त गोड लागते. मालिका लिहिणारे हे पुरेपूर जाणतात, आणि कधीकधी त्याचा गैरफायदाही घेतात.

किळस हवीही आणि नकोही, ही दुविधा आजची नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात बीभत्साला आठ रसांत मानाचं पान आहे. त्याच ग्रंथात असंही सांगितलंय की युद्ध, मरण, नगराचा वेढा हे अंकात प्रत्यक्ष दाखवू नये, दोन अंकांमधल्या प्रवेशकातून कळवावं. किळस हवी, प्रेत नको! भासानं तरी 'ऊरुभंगा'त दुर्योधनाला प्रेक्षकांसमोरच मरू दिलं. नियम आणि तो मोडणारा नाटककार दोघेही जुनेच.

माझं स्वतःचं मत 'गेम ऑफ थ्रोन्स'नं पक्कं केलं. २०१४ साली त्यात एका योद्ध्याची कवटी हातांनी चिरडताना दाखवली, सगळं उघड. लोक हादरले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पडद्यासमोर बसले. मे २०१५ मध्ये सान्सा या तरुण नायिकेवर लग्नाच्या रात्री बलात्कार होतो त्या प्रसंगात जवळजवळ काहीच दिसत नाही. कॅमेरा वळतो तो तिथे बळजबरीनं उभ्या केलेल्या थिऑन या तरुणाच्या चेहऱ्याकडे. या 'न दाखवलेल्या' दृश्यावर मात्र गदारोळ झाला. क्लेअर मॅककास्किल या अमेरिकी सिनेटरनं तर आपण ही मालिका सोडल्याचं जाहीर केलं. रक्त किती सांडलं हे प्रेक्षक मोजत नव्हते. सोसतेय ती आणि चेहरा दाखवताय त्याचा, हे त्यांना खुपलं. मला ते पटतं. गसचा तो अर्धा चेहरा मी अंगावर येणारा असूनही सार्थ मानतो, कारण टायकडे जाणारा हात त्याचा सगळा स्वभाव सांगून जातो. याच 'थ्रोन्स'मध्ये थिऑनचा छळ भागामागून भाग चालतो. सुरुवातीच्या दोन प्रसंगांनंतर त्यातून नवं काहीच कळत नाही. तो मी पुढे ढकलत पाहिला आणि काही गमावलं असं वाटलं नाही.

काही ठिकाणी प्रश्न आवडीनिवडीपलीकडचा असतो. 'थर्टीन रीझन्स व्हाय' या मालिकेच्या पहिल्या पर्वात (२०१७) एका शाळकरी मुलीच्या आत्महत्येचं दृश्य जवळपास तीन मिनिटं होतं. तज्ज्ञांनी धोक्याचा इशारा दिला, आणि जुलै २०१९ मध्ये नेटफ्लिक्सनं ते कापून टाकलं. गोष्ट त्यावाचून कुठेही अडत नाही.

आपल्याकडे २०२१च्या नियमांपासून ओटीटीवर वयोगट आणि 'हिंसा', 'शिवीगाळ' अशा सूचना येतात. भाग सुरू होताना कोपऱ्यात क्षणभर झळकतात, त्या वाचत चला. प्रसंग झेपत नसेल तर डोळे मिटण्याआधी आवाज बंद करा, कारण निम्मी भीती त्या खरबुजातच असते. घेरी येतेय असं वाटलं तर हातापायांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळून धरा आणि मग पूर्ण सैल न सोडता पहिल्यासारखे होऊ द्या, असं दोन-चारदा करा. उतरलेला रक्तदाब वर येतो. लार्स-ग्योरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं रक्ताला घाबरणाऱ्यांसाठी बसवलेला हा उपाय आहे, आणि तो सोफ्यावर बसल्याबसल्या करता येतो.